रशीदोव यांना दीड वाक्यात संपवू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ताश्कंद कराराला या जानेवारीत ६० वर्षं झाली. त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. शास्त्रीजी, अयुब खान आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्याबद्दल लेखकाने मन लावून लिहिलं आहे. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण तिथे हजर होते, ही आठवणही बरी करून दिली. पण ज्या शहरात हे सगळं घडलं त्या शहराच्या कारभाऱ्याला लेखात जेमतेम दीड वाक्य मिळालं आहे. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या उझबेकिस्तानच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव शराफ रशीदोव म्हणजे मॉस्कोच्या हातातलं बाहुलं आणि पुढे कापसाच्या खोट्या आकड्यांच्या घोटाळ्यातले आरोपी, एवढीच त्यांची ओळख लेखकाने दिली.

आधी चूक दुरुस्त करतो. रशीदोव आरोपी कधीच नव्हते. ३१ ऑक्टोबर १९८३ रोजी ते पदावर असतानाच वारले. खटले त्यानंतर उभे राहिले. मेलेल्या माणसावर आरोपपत्र ठेवता येत नाही, म्हणून त्यांच्या नावाचा वापर मात्र सगळ्यांनी केला. आणि बाहुलं? बाहुल्याला कोणी २४ वर्षं खुर्चीवर ठेवत नाही. १९५९ ते १९८३. मॉस्कोत ख्रुश्चेव्ह गेले, ब्रेझनेव्ह येऊन वारले, आंद्रोपोव आले, ताश्कंदमध्ये रशीदोवच.

हे मी ऐकीव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती, पीक कापसाचं. १९७९ साली शिष्यवृत्ती मिळून मी ताश्कंदला सिंचन अभियांत्रिकी शिकायला गेलो आणि १९८५ साली परत आलो. नंतरची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कम्युनिस्ट मी तेव्हाही नव्हतो, आजही नाही. गावात मला 'रशियन' म्हणतात, त्यावर माझा इलाज नाही. पण कापूस आणि पाणी या दोन गोष्टी मला कळतात, आणि त्या प्रथम सचिवाच्या पदाचा सगळा जीव याच दोन गोष्टींत अडकलेला होता.

हे पद काय होतं ते आधी पाहू. सोव्हिएत संघात १५ प्रजासत्ताकं होती. रशिया सोडून प्रत्येकाचा वेगळा कम्युनिस्ट पक्ष होता. रशियाला तो थेट १९९० साली मिळाला. प्रत्येक पक्षाची केंद्रीय समिती होती, ब्युरो होता, आणि त्यांच्या डोक्यावर प्रथम सचिव. प्रजासत्ताकाला मंत्रिमंडळ होतं, मंत्रिमंडळाचा अध्यक्ष होता, सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचा अध्यक्ष म्हणजे नावाचा राष्ट्रप्रमुखही होता. पण गाडी चालवायचा तो प्रथम सचिव. नावाला स्वतंत्र असलेल्या या पक्षांची पायरी काय, हे मॉस्कोने १९१९ सालच्या आठव्या अधिवेशनातच ठरवून टाकलं होतं: युक्रेन वगैरे पक्षांच्या केंद्रीय समित्यांना अधिकार प्रादेशिक समितीइतकेच, आणि वरचा हुकूम बंधनकारक. म्हणजे पाटी केंद्रीय समितीची आणि वजन जिल्हा कमिटीपेक्षा थोडं जास्त.

निवड कशी व्हायची, हे आपल्या वाचकांना लांबून समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे मुख्यमंत्री बदलायचा असला की दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदारांची 'मतं जाणून घेतात' आणि खिशातलं नाव जाहीर करतात. तिथेही मॉस्कोहून सचिव दर्जाचा माणूस यायचा, केंद्रीय समितीची बैठक व्हायची, एकमताने हात वर व्हायचे. फरक एवढाच की आपल्याकडे नाराज आमदार निदान टीव्हीवर दिसतात.

पण खरी गंमत दुसऱ्या खुर्चीत होती. प्रथम सचिव उझबेक, द्वितीय सचिव रशियन, हा रिवाज पुढे इतका पक्का झाला की तो कोणी लिहून ठेवायची गरज राहिली नाही. रशीदोव यांच्या बाजूला आधी लोमोनोसोव होते, मग ग्रेकोव. नेमणुकांच्या फायली द्वितीय सचिवाच्या टेबलावरून जायच्या. घरात कर्ता पुरुष तुम्ही, पण तिजोरीच्या खोलीत मुनीम दुसऱ्याचा, असा तो संसार. त्याला बाहुलं म्हणणं सोपं आहे. ज्याला रोज त्या मुनिमाशी गोड बोलून आपली माणसं जागेवर बसवायची असतात त्याला काय म्हणायचं, हे लेखकाने एकदा ठरवावं.

रशीदोव यांच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्यांचं काय झालं, हेही त्यांना ठाऊक होतं. अकमल इक्रामोव हे तिथे बसलेले पहिले उझबेक. स्टालिनच्या काळात बोल्शेविक नेते बुखारिन यांच्यावर झालेल्या खटल्यात त्यांनाही उभं केलं आणि मार्च १९३८ मध्ये गोळी घातली. त्यांच्यानंतर उस्मान युसूपोव आले. त्यांच्याच काळात १९३९ साली फरगाणा खोऱ्यातला मोठा कालवा खोदला गेला: सुमारे २७० किलोमीटर, ४५ दिवसांत, दीड लाखाहून जास्त शेतकऱ्यांनी कुदळ-फावड्याने. आमच्या वर्गात त्या कालव्याचे छेद काढून दाखवत. काम म्हणून तो कालवा आजही डोळ्यात भरतो. त्या दीड लाखांना नाही म्हणायची सोय होती का, हा प्रश्न वर्गात कोणी विचारत नसे.

पुढे मुखितदिनोव. १९५७ साली ते मॉस्कोला पक्षाच्या सर्वोच्च मंडळात गेले, मध्य आशियातून तितक्या उंचीवर पोचलेले ते पहिलेच, पण काही वर्षांत खाली आले. वर जाऊन पडण्यापेक्षा खाली राहून टिकावं, हा धडा रशीदोव यांनी त्यातून घेतला की काय, ते जाणोत. १९६१ पासून मरेपर्यंत ते मॉस्कोच्या सर्वोच्च मंडळाचे उमेदवार-सदस्यच राहिले. उमेदवार-सदस्याला बोलता येतं, मत देता येत नाही. शेजारच्या कझाकस्तानचे कुनायेव १९७१ सालीच पूर्ण सदस्य झाले होते. आमच्या वसतिगृहातली उझबेक पोरं यावरून हळू आवाजात विनोद करत.

माणूस म्हणाल तर जिझाखचा. शिक्षक, मग पत्रकार, महायुद्धात जखमी होऊन परतलेला, लेखक म्हणूनही नाव कमावलेला. १९५५ साली ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले तेव्हा त्यांच्या ताफ्यात रशीदोवही होते. तेव्हा ते उझबेकिस्तानचे नामधारी राष्ट्रप्रमुख. भारताशी त्यांचा संबंध ताश्कंद कराराच्या दहा वर्षं आधीपासूनचा आहे, हे लेखात यायला हवं होतं.

आता १९६६. शास्त्रीजी ११ जानेवारीच्या पहाटे गेले हे आपल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असतं. पण त्याच वर्षी २६ एप्रिलला पहाटे ताश्कंदखालची जमीन हलली आणि सुमारे तीन लाख माणसं उघड्यावर आली, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. जुनं मातीच्या भिंतींचं शहर बसलं. मग साऱ्या सोव्हिएत संघातून माणसं, सिमेंट आणि यंत्रं आली. कोणत्या प्रजासत्ताकाने कोणता मोहल्ला बांधला, हे लोक मी होतो तेव्हाही सांगायचे. १९७७ साली भुयारी रेल्वे धावली. मध्य आशियातली ती पहिली. त्यातल्या एका स्थानकाचं नाव 'पख्ताकोर', म्हणजे कापूसवाला शेतकरी. भिंतीभर कापसाच्या बोंडांची नक्षी. फुटबॉलच्या संघाचं नाव तेच. चहाच्या पेल्यावर, किटलीवर निळ्या-पांढऱ्या रंगात पुन्हा बोंडंच. यवतमाळच्या पोराला ते पाहून पहिले काही दिवस घरी आल्यासारखं वाटलं, नंतर धसका बसला. ज्या गावात पेल्यावरसुद्धा कापूस असतो तिथे बाकी कशाला जागा उरत नसणार.

ही शहरं, ही रेल्वे, ही विद्यापीठं फुकट आली नव्हती. पैसा मॉस्कोकडून आणायचा तर मॉस्कोला काहीतरी द्यावं लागे, आणि उझबेकिस्तानकडे द्यायला होता कापूस. संघातला जवळपास दोन तृतीयांश कापूस या एका प्रजासत्ताकाचा. योजनेचा आकडा दर पाच वर्षांनी फुगत गेला. चार दशलक्ष टन, पाच दशलक्ष, मग सहा. १९८० साली सहा दशलक्ष टनांचा पल्ला ओलांडल्याचं जाहीर झालं. आपल्या भाषेत सहा कोटी क्विंटल. रुई नव्हे हो, सरकीसकट कापूस. मी ताश्कंदला गेल्याला तेव्हा वर्षच झालं होतं. चौकाचौकात तो आकडा रंगवलेला होता.

माझ्यासारख्याला तो आकडा खराच वाटला असता, कारण शेती डोळ्यांना दिसत होती. आमच्याकडे तेव्हा एकरी दोन-तीन क्विंटल हाती लागले तर बरं वर्ष म्हणायचं. तिथे ओलिताखाली एकरी दहा-बारा क्विंटल पिकत होता. हंग्री स्टेप म्हणजे 'भुकेलं माळरान' नावाच्या ओसाड पट्ट्यात नवे कालवे, नवी गावं उभी राहिली होती. आम्ही अभ्यासासाठी तिथे गेलो तेव्हा पाटाच्या कडेला मीठ पांढरं फुटलेलं होतं. निचऱ्याचे चर नीट नसले की ओलिताची जमीन अशीच खारावते. हा धडा मी पुस्तकात वाचायच्या आधी तिथे पाहिला.

सप्टेंबर उजाडला की आमची संस्था ओस पडे. प्राध्यापक, विद्यार्थी, डॉक्टर, कारकून, सगळे वेचणीला. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना सूट होती. एका शरद ऋतूत मी वर्गमित्राबरोबर त्याच्या तुकडीला भेटायला गेलो. मुली कमरेला कापडाची मोठी झोळी बांधून ओळीत वाकलेल्या होत्या, आमच्याकडच्या बाया ओटी बांधून वेचतात तशाच. पण आमच्याकडची बाई वेचलेल्या किलोवर मजुरी मागते आणि भाव जमला नाही तर दुसऱ्याच्या शेतात जाते. इथे रोजचा पन्नास-साठ किलोंचा ठरलेला आकडा होता आणि दुसरं शेतच नव्हतं. पानं गळावीत म्हणून विमानातून बुटिफॉसचा फवारा मारत. पुढे ते औषध बंद करावं लागलं. त्या दिवशी शेतात तिखट वास होता आणि झाडांवर पान नव्हतं, नुसती बोंडं. पोरं म्हणाली, सवय होते.

दुपारी आम्ही खरेदी केंद्रावर गेलो. मित्राचा मामा तिथे मापारी होता. मी कापूसवाल्याचा पोर म्हटल्यावर त्याने मला हौसेने ढीग दाखवले. मी सवयीने मूठभर कापूस उचलून दाबला. ओला होता. दुसऱ्या ढिगात हात घातला तर कवडी (किडका कापूस), बोंडाची टरफलं आणि माती. मामाच्या वहीत तो पहिल्या प्रतीचा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

पुढे तपासात जे बाहेर आलं ते त्या वहीतूनच सुरू होत होतं. सामूहिक शेताच्या अध्यक्षावर आकडा. तो भरला नाही तर तालुका पक्षाच्या सचिवाची खुर्ची जाते, म्हणून तो डोळे मिटतो. तालुका अडला तर प्रांताचा सचिव अडतो. शेवटी सगळं प्रथम सचिवाच्या टेबलावर येतं, आणि त्याने आधीच मॉस्कोला शब्द दिलेला असतो. मग खरेदी केंद्र न आलेल्या कापसाची पावती फाडतं. जिनिंगमध्ये तो न आलेला कापूस 'घटीत' जातो. उरलेली तूट झाकायला रशियातल्या गिरण्यांकडे अर्धेरिकामे वॅगन पाठवायचे आणि तिथल्या माणसाला पैसे द्यायचे, की तो भरलेला वॅगन मिळाल्याची सही करतो. पाच वर्षांत अशा कागदी कापसाचे काही दशलक्ष टन झाले. त्याचे रुबल मात्र खरे होते, ते सरकारी खजिन्यातून निघाले आणि पायरीपायरीवर वाटले गेले.

यात रशीदोव निर्दोष होते असं मी म्हणत नाही. आकडा वाढवून शब्द देणारे तेच होते. आपल्या माणसांना पदावर बसवायचे, सांभाळायचे, त्यांच्याकडून मानपान घ्यायचे. वर्तमानपत्रात त्यांच्या स्तुतीशिवाय अंक निघत नसे. शाळेतल्या पोरांना शेतात वाकवलं गेलं त्याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं, जगले असते तर. पण तो आकडा मॉस्कोतल्या योजना आयोगाने मागितला, मॉस्कोने तो मोजून घेतला, त्याबद्दल मॉस्कोने दोनदा समाजवादी श्रमवीर पदवी आणि दहा लेनिन पदकं दिली. वॅगन रिकामा आला हे रशियातल्या गिरणीला कळत नव्हतं? ज्या खुर्चीवरून फक्त वर उत्तर द्यायचं असतं, खाली कोणालाच नाही, तिथून खोटा आकडाच वर जाणार. रशीदोवच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने फार तर थोड्या कमी शेरोशायरीने तेच केलं असतं.

पाण्याचंही तेच. अमुदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाकडे वळल्यावर अरल समुद्र आटणार, हे काही गुपित नव्हतं. आमचे एक प्राध्यापक फळ्यावर सरळ हिशेब मांडत: समुद्रात जाऊन वाफ होणारं एवढं पाणी शेतात घातलं तर कापूस एवढा. समुद्राच्या रकान्यात ते काहीच लिहीत नसत. १९६० साली अरल हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. मी परत आलो तेव्हा मोयनाक बंदरापासून पाणी कित्येक किलोमीटर मागे गेलं होतं. ताश्कंदच्या नेत्यांचा यावरचा उपाय काय होता? सायबेरियातल्या नद्यांचं पाणी दोन हजारांहून अधिक किलोमीटरच्या कालव्याने इकडे आणा, अशी मागणी त्यांनी मॉस्कोकडे वर्षानुवर्षं लावून धरली. रशीदोव त्यात पुढे होते. कापूस तुम्हाला हवा, तर पाणी तुम्ही द्या, असा तो सौदा. ऑगस्ट १९८६ मध्ये मॉस्कोने योजना गुंडाळली. कापसाचा आकडा मात्र गुंडाळला नाही. बाहुलं अशी मागणी करत नाही, आणि सुभेदाराला अशी मागणी करावी लागत नाही.

रशीदोव वारले तेव्हा वेचणी भरात होती. शहराच्या मध्यभागी त्यांचं दफन झालं, लोक रांगा लावून गेले, रडणारे खरंच रडत होते. उस्मानखोजायेव नवे प्रथम सचिव झाले. जून १९८४ मध्ये मॉस्कोहून केंद्रीय पक्षाचे सचिव लिगाचोव आले, केंद्रीय समितीची बैठक झाली, आणि कालपर्यंत ज्यांच्यावर स्तुतिलेख येत होते त्यांचं नाव शिवीसारखं छापून यायला लागलं. लिहिणारे तेच. दोन वर्षांत थडगंही तिथून हललं.

मग अटकांचं सत्र. जिनिंग खात्याचे मंत्री उस्मानोव यांना गोळी घातली गेली. ब्रेझनेव्ह यांचे जावई चुर्बानोव यांना १९८८ साली १२ वर्षांची शिक्षा झाली, तेवढाच काय तो मॉस्कोचा वाटा. स्वतः उस्मानखोजायेवही तुरुंगात गेले. हजारो माणसं यात भरडली, आणि त्यातले पुष्कळसे मामासारखे मापारी, हिशेबनीस, शेताचे अध्यक्ष होते. मामाला किती वर्षं झाली हे मला मित्राच्या पत्रातून कळलं. तो पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यातच आत वारला. संघभरच्या वर्तमानपत्रांनी या सगळ्याला 'उझबेक प्रकरण' असं नाव दिलं. कापूस प्रकरण नाही, योजना आयोग प्रकरण नाही, उझबेक. इव्हानोवोच्या गिरणीतल्या ज्या रशियन माणसाने रिकाम्या वॅगनवर सही केली त्याच्या जातीचं नाव कुठल्या प्रकरणाला लागलं नाही. लोकांच्या मनात जे बसलं ते यामुळे, आणि आपल्या लेखातलं ते दीड वाक्य त्याच जुन्या मथळ्यांचं मराठी रूप आहे, म्हणून हे पत्र.

याच काळात बाहेरून अधिकारी आणून ताश्कंदच्या खात्यांत बसवले गेले. पण सर्वोच्च खुर्चीवर उझबेकच ठेवायचं भान मॉस्कोने राखलं. शेजारी कझाकस्तानात ते भान सुटलं. डिसेंबर १९८६ मध्ये कुनायेव यांना काढून उल्यानोव्स्कचे कोल्बिन यांना बसवलं. बैठक म्हणे वीस मिनिटंसुद्धा चालली नाही. दुसऱ्या दिवशी तिथली राजधानी अल्माअताच्या चौकात थंडीत तरुण पोरं जमली आणि सैन्य बोलवावं लागलं. ज्या खुर्चीला लोकांनी कधी मत दिलं नव्हतं, त्या खुर्चीसाठी ती पोरं मार खात होती. बाहुल्यासाठी कोणी मार खातं का?

उस्मानखोजायेव यांच्यानंतर निशानोव आले, दीड वर्षात गेले. जून १९८९ मध्ये फरगाणा खोऱ्यात तिथल्या अल्पसंख्य मेस्खेतियन तुर्कांची कत्तल झाली आणि त्याच महिन्यात इस्लाम करीमोव प्रथम सचिव झाले. मार्च १९९० मध्ये तेच करीमोव त्याच इमारतीतून राष्ट्राध्यक्ष झाले. पक्षाचं नाव बदललं, खुर्चीचं बदललं, माणूस २०१६ साली मरेपर्यंत तोच. त्यांनी पहिल्या काही वर्षांतच रशीदोव यांचं नाव पुन्हा मानाने घ्यायला सुरुवात केली. आता जिझाखकडे त्यांच्या नावाचा तालुका आहे, २०१७ साली जन्मशताब्दी सरकारी थाटात झाली. हेही मला फारसं रुचलं नाही. काल सगळा दोष त्यांचा, आज सगळं श्रेय त्यांचं. दोन्ही वेळा कापूस वेचणाऱ्या पोरींना कोणी विचारलं नाही.

आणि शेतकऱ्यावर कापसाचा सरकारी कोटा? पक्ष १९९१ साली संपला, कोटा चालूच राहिला. वेचणीला शिक्षक आणि विद्यार्थी जातच राहिले, इतके की परदेशातल्या कापडवाल्या कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार घातला. कोटा अखेर २०२० च्या हंगामापासून उठला, बहिष्कार २०२२ साली.

आपल्या लेखकाने ताश्कंदवर पुढे लिहायचं ठरवलं, किंवा अरल समुद्रावर आपण काही छापणार असाल, तर माझ्याकडे त्या वेळची रशियन पाठ्यपुस्तकं आणि कालव्यांचे काही नकाशे आहेत. कागद पिवळा पडला आहे, पण आकडे वाचता येतात. पोस्टाने पाठवू की कुणाला येऊन पाहता येईल, ते कळवावं.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता,
यवतमाळ